पाहणाऱ्याचें ऋण

मनुष्यजातीच्या नीतींत काळाबरोबर सुधारणा होते कीं नाहीं, हा वाद जुना आहे. ती होते असें म्हणणाऱ्यांच्या हातीं आफ्रिकेच्या रानांनीं एक चांगला पुरावा दिला आहे. अमेरिकेचे माजी अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट हे १९०९ सालीं आपल्या मुलासह मोंबासा बंदरीं उतरले, आणि पुढील वर्षभराच्या भ्रमंतींत त्या पितापुत्रांनीं मिळून ५१२ जनावरें मारलीं. हा आकडा त्यांच्या विरोधकांनीं शोधून काढलेला नाहीं. त्याचा तपशील रूझवेल्ट यांनीं स्वतःच आपल्या प्रवासवर्णनांत छापला आहे. आज त्याच मुलखांत तितक्याच उत्कंठेनें जाणारा सुशिक्षित गृहस्थ बहुधा एकहि जनावर मारीत नाहीं. केनिया देशानें १९७७ सालीं शिकारीस बंदी केली. शेजारच्या टांझानियांत कांहीं ठराविक क्षेत्रांत पैसे मोजून ती अद्याप करतां येते, पण राष्ट्रीय उद्यानांच्या सीमेच्या आंत शिकाऱ्याला मज्जाव आहे. बंदुकीची जागा कॅमेऱ्यानें घेतली. पूर्वीचा प्रवासी सिंहाचें कातडें घेऊन घरीं येई. आजचा त्याचें चित्र घेऊन येतो, आणि सिंह जेथल्या तेथें राहतो. हा पालट लहान नाहीं, आणि त्याची थट्टा करण्याचें कांहीं कारण नाहीं. परंतु त्याबरोबरच पाहणाऱ्याच्या मनांत एक समजूतहि रुजली आहे. ती अशी कीं, आपण केवळ पाहतों, म्हणून आपण कोणाचें कांहीं घेत नाहीं. ही समजूत कितपत खरी आहे, याचा विचार या लेखांत करावयाचा आहे.

विचार करावयाचा तर उदाहरण उत्तमांतलें उत्तम घ्यावें. कारण वाईट उदाहरणावरून काढलेला निष्कर्ष ‘आम्ही तसे नव्हे’ असें म्हणून कोणासहि टाळतां येतो. म्हणून मोटारींच्या जत्रा जेथें भरतात तीं ठिकाणें सोडून देऊं, आणि टांझानियांतील सेरेंगेटीच्या रानांत निघणारी एकादी लहानशी, नेटकी सफर डोळ्यांपुढें आणूं. ‘सफारी’ या स्वाहिली शब्दाचा अर्थ नुसता प्रवास असा आहे. अरबी ‘सफर’पासून तो निघाला, आणि आपली मराठींतील सफर ही त्याची सख्खी बहीण होय. सहा-सात मंडळी, एक वाटाड्या, आणि वरचें छप्पर उघडतां येणारी एक मोटार, एवढाच या सफरीचा सरंजाम. मोटारीला तेथें ‘गारी’ म्हणतात. हा शब्द हिंदी महासागर ओलांडून आपल्याच गाडीनें तेथें नेला आहे. मुक्काम गांवांपासून दूर, राहुट्यांच्या तळावर. पावसामागून चारा आणि चाऱ्यामागून कळप फिरतात, त्याप्रमाणें हे तळहि फिरतात. पौष-माघांत दक्षिणेकडील न्दुतूच्या आखूड गवतावर, ज्येष्ठाच्या सुमारास पश्चिमेस ग्रुमेती नदीकडे, आणि आषाढापासून आश्विनापर्यंत उत्तरेस मारा नदीच्या बाजूस ते उभे राहतात. तळाला कुंपण नसतें. जेवणाच्या तंबूपासून निजण्याच्या राहुटीपर्यंत पन्नास पावलें जावयाचीं असलीं तरी रात्रीं पहारेकरी बरोबर घ्यावा लागतो. उंच टांगलेल्या पिशवींतील बादलीभर ऊन पाण्यांत स्नान उरकावें लागतें.

अशा सफरींतील वाटाड्या हा एक प्रकारचा पंडितच असतो. मातीवरचा ठसा किती वेळापूर्वींचा आहे, गिधाडें कशासाठीं घिरट्या घालीत आहेत, हरिणांचा कळप एकाच दिशेला कां पाहत आहे, हें तो सहज सांगतो. आणि जनावराला त्रास होईल इतकें जवळ गाडी नेत नाहीं. मी अशा तळावर राहिलों आहें, आणि तेथील आनंद हा उच्च प्रतीचा आनंद आहे असें सांगण्यास मला संकोच वाटत नाहीं. गाईसारख्या तोंडाचें, घोड्यासारख्या शेपटीचें, हरिणाच्या गोत्रांतलें वाइल्डबीस्ट नांवाचें जनावर तेथें लाखांनीं आहे. विणीच्या दोन-तीन आठवड्यांत त्यांचीं वासरें हजारोंनीं जन्मास येतात, आणि भुईवर पडल्यापासून कांहीं मिनिटांतच लटपटत उभीं राहून आईमागें धांवूं लागतात. तें दृश्य पाहून ज्याच्या क्षुद्र चिंता घटकाभर तरी विराम पावत नाहींत, त्याला दुर्दैवीच म्हटलें पाहिजे.

या जातीच्या आनंदाचें तत्त्वज्ञांनीं मोठें कौतुक केलें आहे. कांटनें १७९० सालच्या आपल्या ग्रंथांत सौंदर्याच्या आनंदाची खूण अशी सांगितली कीं, पाहिलेली वस्तु आपली व्हावी, आपल्या उपयोगी पडावी, अशी वासना त्यांत नसते. आपल्याकडे मुंडकोपनिषदांत एकाच वृक्षावर बसलेल्या दोन पक्ष्यांचें रूपक आहे. त्यांतला एक फळ खातो, दुसरा न खातां नुसता पाहत असतो. त्या रूपकाचा विषय निराळा व फार थोर आहे, आणि त्याला सफरीच्या मोटारींत ओढून आणणें धाडसाचें होईल. तथापि त्या दुसऱ्या पक्ष्याची पदवी मनुष्याला किती हवीशी वाटते, एवढें त्यावरून कळतें. खाणारा लिप्त, पाहणारा अलिप्त, असें आपण धरून चालतों. शिकारी हा खाणारा होता, आम्ही पाहणारे आहों. अर्थात् आम्ही निर्दोष आहों, हें अनुमान मग आपोआप निघतें.

या अनुमानावर नेहमीं जे आक्षेप घेण्यांत येतात ते माझ्या मतें मर्माचे नाहींत. विमानाचा धूर, रानांतील चैन, नदी ओलांडणाऱ्या कळपाभोंवतीं मोटारींची दाटी, हे दोष कोणी नाकारीत नाहीं. पण ते प्रमाणाचे दोष आहेत. मंडळी थोडी असली, वाटाड्या समंजस असला, आणि पाहणाऱ्याच्या अंगीं थोडी सबूरी असली, कीं ते पुष्कळसे कमी होतात. खरा प्रश्न दृश्यांत असलेल्या जनावरांविषयीं नाहीं. दृश्यांत जीं माणसें दिसत नाहींत त्यांच्याविषयीं तो आहे.

सेरेंगेटी उद्यानाचें क्षेत्र १४,७६३ चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या पुणें जिल्ह्याहून थोडेंसेंच कमी आहे. एवढ्या मुलखांत शेत दिसत नाहीं, गांव दिसत नाहीं, गुरांचा कळप दिसत नाहीं. ‘सृष्टीच्या पहिल्या दिवशीं पृथ्वी अशीच असेल!’ हा उद्गार मीं तेथें एकाहून अधिक तोंडून ऐकला. परंतु सेरेंगेटी हें नांवच मुळीं मासाई भाषेंतलें आहे, आणि न संपणारें मैदान असा त्याचा अर्थ करतात. ज्या जमिनीला कोणीतरी नांव ठेविलें आहे ती पहिल्या दिवसाची कशी असेल? उद्यानाच्या आंत मोरू नांवाचीं खडकांचीं टेकाडें आहेत. गवताच्या समुद्रांतील बेटांसारखीं तीं दिसतात. त्यांतील एका कपारींत तांबड्या, पांढऱ्या आणि काळ्या रंगांनीं मासाई ढालींचीं चित्रें काढलेलीं आहेत. जवळच एक प्रचंड धोंडा आहे. दगडानें ठोकला असतां तो घंटेसारखा वाजतो, आणि ठोकून ठोकून त्याच्यावर वाटीएवढे खळगे पडले आहेत. आमच्या गाडींतील एका बाईंनीं तीं चित्रें पाहून, हीं किती हजार वर्षांपूर्वींचीं, असें विचारलें. वाटाड्यानें शांतपणें उत्तर दिलें कीं, काढणारांचीं नातवंडें-पतवंडें पूर्वेकडे न्गोरोंगोरोच्या डोंगरावर राहतात. तीं अजून गुरें चारतात, मात्र येथें चारूं शकत नाहींत. त्यावर गाडींत कांहीं वेळ कोणी बोललें नाहीं. मग कोणीतरी, या बाजूला गेंडा दिसतो काय, असें विचारलें, आणि संभाषण पूर्ववत् सुरू झालें.

या रिकामेपणाचा इतिहास फार जुना नाहीं. १८८७ च्या सुमारास, इटालियन फौजेसाठीं आणलेल्या गुरांबरोबर बुळकांडीचा रोग ईशान्य आफ्रिकेंत शिरला; तीं गुरें हिंदुस्थानांतून गेलीं होतीं असें सांगतात. ज्या रोगाच्या नांवानें आपल्या खेड्यांतील शेतकऱ्याच्या काळजाचा ठोका चुके, आणि ज्याच्यासारख्या गुरांच्या रोगांच्या अभ्यासासाठीं १८८९ सालीं पुण्यास सरकारी प्रयोगशाळा निघाली, तोच हा रोग. दहाएक वर्षांत तो त्या खंडाच्या दक्षिण टोकापर्यंत पोंचला. दहांपैकीं नऊ गुरें मेलीं असा अंदाज आहे. ज्यांचें अन्न दूध, ज्यांचें धन गुरें, ज्यांच्या लग्नांतील देजहि गुरांचें, त्या मासाई लोकांचें सर्वस्व गेलें; त्याच सुमारास देवीची सांथ आणि अवर्षणहि आलें. १८९२ सालीं न्गोरोंगोरोवरून गेलेला ऑस्ट्रियन प्रवासी ऑस्कर बाउमान यानें भुकेनें हाडांचे सांपळे झालेले मासाई पाहिले आणि तें लिहून ठेविलें. पुढील पिढींतील युरोपियनांना जी भूमि निर्जन आणि म्हणूनच ‘स्वाभाविक’ वाटली, ती पुष्कळ अंशीं एका महामारीनें ओस पाडलेली भूमि होती.

पुढें मासाई सांवरले, त्यांचे कळप वाढले, आणि ते पुन्हा पसरले. १९५१ सालीं सेरेंगेटीचें राष्ट्रीय उद्यान झालें, तेव्हां तेथें वस्ती करून असलेल्यांच्या वहिवाटीस धक्का लागणार नाहीं असें ठरलें होतें. परंतु माणसें आणि रान यांचें एकत्र कसें जमणार, यावर लौकरच वाद उपस्थित झाला. फ्रांकफुर्ट येथील प्राणिसंग्रहालयाचे प्रमुख बर्नहार्ड ग्झिमेक आणि त्यांचा मुलगा मिखाएल यांनीं झेब्र्यासारखे पट्टे रंगविलेल्या एका लहान विमानांतून तेथील जनावरांची मोजणी केली. राष्ट्रीय उद्यान हें खरें रान असावयाचें तर त्याच्या सीमेंत कोणीहि मनुष्य, मग तो तेथला का असेना, राहतां कामा नये, असें ग्झिमेक यांचें मत होतें. १९५८ सालीं कांहीं मासाई वडीलधाऱ्यांनीं पश्चिमेकडील मैदानें सोडण्याच्या करारावर आपल्या खुणा केल्या. १९५९ सालीं उद्यानाची वांटणी होऊन न्गोरोंगोरोचा सुमारें ८,३०० चौरस किलोमीटरांचा मुलूख माणसें, गुरें आणि श्वापदें या सर्वांसाठीं निराळा काढण्यांत आला. तेथें श्वापदांच्या आणि माणसांच्या हितांत विरोध आला तर माणसांचें हित आधीं पाहिलें जाईल, असें वचन ब्रिटिश गव्हर्नरनें मासाई पंचायतीपुढें दिलें. त्या वेळीं तेथें आठ-दहा हजार माणसें होतीं. पुढें ती संख्या लाखावर गेली. २०२२ पासून टांझानियाच्या सरकारनें या लोकांना सुमारें सहाशें किलोमीटर दूर म्सोमेरा येथें हलविण्याची मोहीम काढली. हें स्थलांतर खुषीचें आहे असें सरकारनें सांगितलें. दवाखाने आणि शाळा यांचा पैसा आखडून आम्हांला घालविण्यांत येत आहे, असें अनेक मासाईंनीं सांगितलें. १९५९ च्या वचनाची त्यांनीं वारंवार आठवण करून दिली. ज्यांनीं एकदां जागा सोडली त्यांनाच दुसऱ्यांदां उठण्यास सांगावें, यांतील कठोरपणा समजण्यास फार मोठी सहानुभूति लागत नाहीं.

आतां या कथेंतील एक विलक्षण गोष्ट सांगितली पाहिजे. १९६१ च्या सुमारास सेरेंगेटींतील वाइल्डबीस्टांची संख्या सुमारें अडीच लाख होती. १९७७ पर्यंत ती तेरा लाखांच्या घरांत गेली. आज प्रवासी ज्या अफाट कळपांचें दर्शन घेण्यास जातो ते या वाढीचें फळ आहे. ही वाढ कशानें झाली? बुळकांडी हा रोग गुरांकडून रानांत जाई आणि दर वर्षीं वाइल्डबीस्टांचीं वासरें मारी. रानाभोंवतींच्या गोपालकांच्या गुरांना लस टोचण्यांत आली, तेव्हां १९६३ च्या सुमारास रानांतला रोगहि नाहींसा झाला, आणि कळप वाढूं लागले. पुढें २०११ सालीं हा रोग साऱ्या पृथ्वीवरून नष्ट झाल्याचें जाहीर करण्यांत आलें. म्हणजे ज्या दृश्याला आपण मनुष्यस्पर्शरहित म्हणून नमस्कार करतों, तें दृश्य ज्या गोपालकांना सीमेबाहेर ठेविलें त्यांच्या गाईंच्या आरोग्यावर उभें आहे. गवताविषयींहि असेंच आहे. केनियाच्या नैर्ऋत्य भागांतील प्राचीन गोठ्यांची माती तपासून २०१८ सालीं संशोधकांनीं दाखविलें कीं, दोन-तीन हजार वर्षांपूर्वीं धनगरांनीं जेथें गुरें बसविलीं ती जमीन अजूनहि अधिक कसदार आहे, आणि तेथलें गोड गवत खाण्यास आजहि रानांतलीं जनावरें येतात. आपल्याकडे शेतांत मेंढरें बसविण्याची चाल ज्याला ठाऊक आहे त्याला यांत आश्चर्य वाटणार नाहीं.

येथवर एक बाजू झाली. दुसरी बाजू मांडल्याशिवाय निर्णय करणें अन्यायाचें होईल, आणि ती बाजू हलकी नाहीं. उद्यान झालें नसतें तर वाढत्या वस्तीपुढें आणि नांगरापुढें हीं मैदानें टिकलीं असतीं काय? आपल्या देशांतील माळरानांची आणि माळढोकांची आज जी अवस्था आहे ती पाहणारा मनुष्य, टिकलीं असतीं असें छातीठोकपणें म्हणणार नाहीं. प्रवाशांच्या पैशावर रक्षक पोसले जातात आणि चोरट्या शिकारीला आळा बसतो, हेंहि खरें. मासाई हे तरी त्या भूमीचे आदिपुरुष कोठें आहेत? त्यांच्या पूर्वीं न्गोरोंगोरोवर दातोगा लोक होते, आणि त्यांना मासाईंनींच हुसकून लाविलें. ग्झिमेक यांच्या निष्ठेविषयीं तर शंकाच नको. १९५९ च्या जानेवारींत त्यांच्या मुलाचें विमान गिधाडावर आदळून पडलें आणि तो तरुण तेथेंच मेला. न्गोरोंगोरोच्या कड्यावर त्याचें थडगें आहे, आणि पुढें पित्यानेंहि त्याच्याच शेजारीं चिरविश्रांति घेतली. ज्यानें रानासाठीं मुलगा दिला त्याला स्वार्थी म्हणण्याचा अधिकार कोणाला आहे?

हें सर्व मी मान्य करतों. रान राखणें हें मोठें कार्य आहे, आणि त्यासाठीं कोणालातरी कांहीं सोडावें लागतें, हेंहि खरें असूं शकेल. परंतु एवढें मान्य केल्यानें ‘आम्ही कोणाचें कांहीं घेत नाहीं’ हें वाक्य सिद्ध होत नाहीं. उलट तें खोटें ठरतें. कोणीतरी सोडलें, म्हणून आपल्याला दिसलें. जेथें एकाच्या त्यागानें दुसऱ्याला लाभ झाला तेथें ऋण उत्पन्न झालें, मग तो त्याग कितीहि आवश्यक असो. आवश्यकता हें त्याग मागण्याचें कारण होईल. ऋण नाकारण्याचें कारण ती होत नाहीं.

यावर व्यवहारी वाचक म्हणेल कीं, ‘प्रवासी भरमसाट पैसे मोजतो, मग ऋण राहिलें कोठें?’ हा घोंटाळा किंमत आणि ऋण या दोन कल्पना एक मानल्यामुळें होतो. किंमत ही विकणाऱ्याला दिली कीं संबंध संपतो. येथें विकणारा निराळा आणि सोडणारा निराळा आहे. प्रवेशमूल्य सरकारी तिजोरींत जातें, राहुटीचें भाडें कंपनीकडे जातें. ज्याच्या आजोबानें मोरूच्या पायथ्याचें कुरण सोडलें त्याच्याशीं प्रवाशाचा कसलाच व्यवहार झालेला नसतो. आपल्या शास्त्रकारांनीं मनुष्य तीन ऋणें घेऊन जन्मतो असें सांगितलें, आणि त्यांतलें एकहि पैशानें फिटत नाहीं. पितृऋण संततीनें, देवऋण यज्ञानें, आणि ऋषिऋण अध्ययनानें फेडावयाचें. यांतील शेवटची कल्पना मला येथें विशेष उपयोगाची वाटते. ज्यांनीं आपल्याला दृष्टि दिली त्यांचें देणें जाणून घेण्यानें फिटूं लागतें. पाहणाऱ्याचें ऋणहि याच जातीचें आहे. तें न पाहण्यानें फिटत नाहीं, अधिक पाहण्यानें फिटूं लागतें.

म्हणून सफरीलाच जाऊं नये, असें मी म्हणत नाहीं. घरीं बसणाऱ्याच्या हातून कोणाचेंहि कुरण परत मिळत नाहीं. मी म्हणतों तें इतकेंच कीं, प्रेक्षक म्हणून जाऊं नये, पाहुणा म्हणून जावें. प्रेक्षक तिकीट काढतो, आणि पडद्यामागें कोण राबतो हें विचारण्याचें त्याला कारण नसतें. पाहुणा उंबऱ्यावरच घर कोणाचें तें पाहतो, आणि यजमान कोठें दिसला नाहीं तर तो कोठें गेला याची चौकशी करतो. ही जमीन पूर्वीं कोणाची, तिच्या उत्पन्नांतून त्याला काय मिळतें, हा प्रश्न जाण्यापूर्वींच करतां येतो, आणि कांहीं ठिकाणीं त्याचें उत्तर बरें मिळतें. केनियांत मासाई मारा उद्यानाच्या शेजारीं अनेक मासाई खातेदारांनीं आपल्या जमिनी एकत्र करून तळवाल्यांना भाड्यानें दिल्या आहेत. राहुट्यांच्या आणि मोटारींच्या संख्येला तेथें मर्यादा आहे, भाडें खातेदाराच्या हातीं पडतें, आणि ठरलेल्या नियमांनीं गुरेंहि चरतात. ही व्यवस्था निर्दोष नाहीं. २०२० सालीं महामारीमुळें प्रवासी येईनासे झाले, तेव्हां त्या भाड्याला कात्री लागली, आणि परक्याच्या हौसेवर संसार टांगणें किती धोक्याचें आहे तें दिसून आलें. तरी पण तेथील गृहस्थाला निदान ‘जमीन माझी आहे’ असें म्हणतां येतें, आणि पाहुण्याला यजमानाचें तोंड पाहावयास मिळतें.

याहूनहि महत्त्वाची गोष्ट आपल्या रुचीची आहे. माणसांना रानाबाहेर काढतांना जीं कारणें पुढें करण्यांत येतात, त्यांत ‘पाहुण्यांना मोकळें रान हवें असतें’ हें एक असतें. म्हणजे हें काम आपल्या नांवानें चालतें. सिंहाच्या चित्रांत मागें लाल वस्त्र पांघरलेला गुराखी आणि त्याच्या चार गाई आल्या, तर चित्र बिघडलें असें आपल्याला वाटतें. हें वाटणें निसर्गानें दिलेलें नाहीं. तें शिकविलेलें आहे, आणि जें शिकविलें तें विसरतांहि येतें. शंभर वर्षांपूर्वीं सिंहाचें मुंडकें दिवाणखान्यांत टांगणें हें सुसंस्कृत माणसाचें भूषण होतें. आज तें पाहून त्याचीच नातवंडें ओशाळतात. कायदा होण्यापूर्वींच पुष्कळ ठिकाणीं ही रुचि बदलूं लागली होती. मग रिकाम्या रानाची आवड तेवढी अढळ कां मानावी? ‘माझ्यासाठीं कोणाला उठवूं नका, गुरांची घंटा कानीं आल्यानें माझें दर्शन बाटत नाहीं,’ असें पाहुणाच म्हणूं लागला, तर त्याच्या नांवानें होणाऱ्या एका अन्यायाचा आधार तरी निघून जाईल.

हा विचार दूरदेशींच्या लोकांपुरताच आहे असें समजून कोणी समाधान मानूं नये. महाराष्ट्रांतील किती तरी कुटुंबें दर उन्हाळ्यांत चंद्रपूर जिल्ह्यांतील ताडोबाच्या रानांत वाघ पाहण्यास जातात. तें नांव तारू या गोंड पुरुषाचें आहे. तो वाघाशीं झुंजतांना मेला आणि देव झाला, असें गोंड लोक सांगतात, आणि तळ्याच्या कांठीं त्याचें ठाणें आहे. ज्या रानाला माणसाचें नांव आहे त्या रानांतून जामणी, नवेगांव अशीं गांवें उठून बाहेर गेलीं आहेत, आणि त्यांच्या मोकळ्या झालेल्या शेतांवर आज गवत वाढून चितळ चरतात. त्यांतील कांहींचें पुढें बरें झालेंहि असेल. उठण्यास कबूल होऊन, मोबदला घेऊन, शाळा आणि रस्ता यांच्या जवळ गेलेल्या माणसाला आपण दुःखी ठरविणें हाहि एक अहंकारच होईल. पण वाघ दिसला कीं नाहीं, एवढेंच विचारून परत येणाऱ्या गाडींतील मुलाला, या गवताखालीं कोणाचें घर होतें, हें त्याच्या वडिलांनीं सांगावयास नको काय? मुलाला सांगण्याजोगें वाघाखेरीज तेथें कांहींच नाहीं, असें ज्याला वाटतें त्यानें रान अर्धेंच पाहिलें.

उपनिषदांतील तो दुसरा पक्षी, न खातां पाहणारा, मनुष्यांमध्यें सांपडणें कठीण आहे. आपण सर्व फळ खाणारेच आहों; कोणी दांतांनीं खातो, कोणी डोळ्यांनीं खातो. डोळ्यांनीं खाणाऱ्याचा अपराध लहान असेल, पण झाड कोणीं लाविलें, कोणीं राखलें, आणि आपल्याला जागा करून देण्यासाठीं फांदीवरून कोण उठलें, हें विचारण्याचें त्याचें कर्तव्य त्यामुळें चुकत नाहीं. बंदूक खालीं ठेवण्यास मनुष्याला पुष्कळ काळ लागला. पुढची पायरी त्या मानानें सोपी आहे. तिच्यासाठीं हातांतलें कांहींच टाकावें लागत नाहीं, फक्त दृष्टि थोडी रुंद करावी लागते.